राहीबाईनं उघडलेला ग्रुप

पाथर्डीहून येनारी जीप आमच्या नदीवरच्या फरशी पुलावरनंच गावात येती. त्या दुपारी त्यो पूल माझ्या डोळ्यांदेखत मधनंच तुटून वाहून गेला. आन माझी अश्विनी परीक्षा देऊन जीपनं घरी यायची हुती.

पेपर हाय म्हनून पोरीनं मोबाईल घरीच ठेवल्याला. कोनच्या जीपमधी बसली, देवाला ठावं. फोन कुनालाच लागंना, मेसेज तेवढे जात हुते. समदे जीपवाले गावच्या ग्रुपवर हायेत, पन इलेक्शनला शिवीगाळ झाली तवापासनं गोरक्षनं ग्रुप बंद करून ठेवल्याला. लिहिनार तर त्यो एकटाच. मोठा अ‍ॅडमिन लागून गेलाय.

मी तशीच निघाले. वारं नुसतं पिसाळल्यालं. वाटंतल्या सायमनच्या छपराचा पत्रा उडाला आन दारात बांधल्याल्या शेळीची मान कापून पुढं जाऊन पडला. तिची करडं तिच्याच रगतात उभी हुती. मला थांबायला सवड न्हवती. गारांनी कपाळ फुटलं, ते मला गोरक्षच्या दारात गेल्यावर कळलं.

त्यो खाटेवर मोबाईल बघत बसला हुता.

"भाऊजी, फरशी गेली. ग्रुपवर टाका."

"आधी खात्री करू द्या, वहिनी. ग्रामसेवकाला इचारलंय. अफवा पसरली तर पोलीस मला धरत्यात."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"तुमी घाबरलाय. बसा, च्या घ्या."

च्या घ्या म्हनं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारामागं फावड्याचा दांडा हुता, त्यो त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्यालं त्या वाऱ्यातबी ऐकू आलं. त्यो खाली लोळला, मोबाईल पडून लॉक झाला. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला आन त्याचा अंगठा धरून मोबाईलला लावला. मेल्यानं माझ्या दंडाला कडाडून चावा घेतला. मी अंगठा सोडला न्हाई.

मोबाईल उघडला. तितंच ग्रुपवर बोलून टाकलं, "राहीबाई बोलतीय. नदीची फरशी वाहून गेली. जीपवाल्यांनो, हाय तितं थांबा. माझी अश्विनी कुनाच्या गाडीत हाय?"

मंग नुसती वाट बघनं. गोरक्ष मनगट पोटाशी धरून कन्हत हुता, वर पत्रे आदळत हुते. कानिफनाथाला मी हात जोडले, शिव्याबी घातल्या.

मोबाईल वाजला. जीपवाल्या कल्याणनं आवाज भरून मेसेज धाडला हुता.

"काकू, अश्विनी माझ्या गाडीत हाय. पुढली चाकं फरशीवर गेल्ती, तेवढ्यात पोरींनी तुमचा मेसेज लावला. पन काकू, एक मोटारसायकलवाला पुढं निघून गेला. लई हात केला, लई वरडलो. आपल्या गावचा न्हवता त्यो. आमच्यासमोर गेला पान्यात."

गोरक्षनं कन्हतच मान वर केली. "कोन हुता, वहिनी? काय नाव सांगितलं का?"

मी रडत हुते, हसत हुते. अश्विनी गाडीत हाय, एवढं झालं की मी त्यो आवाज थांबवायची, आन परत पहिल्यापासनं लावायची.