नऊ वाजताचा पडदा

एव्हर्टने जॅमची रिकामी बरणी रस्त्याकडेला टाकाऊ काच गोळा करायला ठेवलेल्या काचेच्या पेटीच्या भोकात घातली आणि ती आत पडून फुटल्याचा आवाज येईपर्यंत हात तसाच धरून ठेवला. मग कापडी पिशवीची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. तेवढ्या वेळात समोरची घरे पाहून झाली. भिंतीला भिंत लावून उभी असलेली विटांची सहा घरे. त्यातले शेवटून दुसरे, चौदा नंबरचे, सोमवारपासून जवळजवळ त्याचे झाले होते.

जवळजवळ. कारण करारावर सही झाल्यावर विकत घेणाऱ्याला विचार बदलायला तीन दिवस मिळतात. कारण द्यावे लागत नाही, दंड पडत नाही. आज गुरुवार, तिसरा दिवस. कोटाच्या आतल्या खिशात त्याने लिहून ठेवलेले पत्र होते. आधी पानभर लिहिले होते, मग अर्धे पान, शेवटी एकच ओळ उरली : मी माघार घेत आहे. आज रात्री बाराच्या आत ते एजंटच्या कचेरीच्या पत्रपेटीत टाकले की झाले.

घरात खोट नव्हती. छप्पर, ओल, बॉयलर, सगळे त्याने विचारले होते आणि सगळ्याची उत्तरे चांगली आली होती. खोट सापडत नव्हती म्हणूनच तो तीन दिवस डेव्हेन्टर शहरातून बसने इथे, एस्सेलो गावाला, येत होता. नुसते कुणाच्या घराकडे बघत उभे राहणे त्याला जमले नसते, म्हणून रोज एक बरणी.

"अहो, बरणीवाले!"

सोळा नंबरच्या, कडेच्या घराच्या दारात एक म्हातारी उभी होती. पाठीतून वाकलेली, पण आवाज रस्ता ओलांडून येणारा.

"तीन दिवस बघतेय, रोज एक बरणी. एवढा जॅम खातं कोण?"

"साठल्या होत्या," एव्हर्ट म्हणाला.

"मग एकदम आणायच्या की. आणि डेव्हेन्टरात काचेची पेटी नाही वाटतं?"

त्याचे कान तापले. एकाहत्तराव्या वर्षीही ते तापत.

"तुम्हाला कसं ठाऊक, मी डेव्हेन्टरचा?"

"बेरेंटनं सांगितलं. घर विकून गेला, तोंड थोडंच विकलंय त्यानं. या आत. कॉफी तयार आहे."

तिचे नाव डिका वोल्बेरिंक. शहाऐंशी वर्षांची. तिने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला, त्याने एक उचलले आणि झाकण लागले. खिडकीतून रस्ता, काचेची पेटी आणि तिच्याशेजारची, त्याच्या उभे राहण्याची जागा स्वच्छ दिसत होती.

"यादी मिळाली ना?" तिने विचारले. "घरात काय राहणार, काय जाणार त्याची?"

"मिळाली. पडदे राहणार. दिव्यांचे हूक राहणार. बागेतलं खोपटं राहणार, पत्रपेटी राहणार."

"आणि मी?"

"अं?"

"मीही राहणार. लिहिलं नाही का त्यात? ह्या एजंटांना कशाचं काही कळत नाही." तिने कॉफीचा घोट घेतला. "बरं, मी शेजाऱ्याला अहो-जाहो करत नाही. नाव काय तुझं?"

"एव्हर्ट."

"तर एव्हर्ट, चौदा नंबरात राहतो तो माझा पहिला शेजारी. पहिला शेजारी म्हणजे काय, ते ठाऊक आहे का शहरात?"

त्याला ऐकून ठाऊक होते. इकडच्या गावांत घराबरोबर हे काम येते. पहिल्या शेजाऱ्याने आजारपणात डॉक्टरला बोलवायचे, माणूस गेले तर घरोघर सांगायला जायचे, शवपेटीला खांदा द्यायचा. त्याला वाटले होते, हे आता कुणी पाळत नसेल.

डिकाने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिला निळ्या लोकरीचा तुकडा बांधलेला होता.

"सकाळी नऊला माझा वरच्या खिडकीचा पडदा उघडतो. नऊला उघडला नाही तर आत यायचं. बेल वाजवत बसायचं नाही. एकतीस वर्षं बेरेंटनं हे केलं. दोनदाच यावं लागलं त्याला. एकदा मी पडले होते, एकदा झोपले होते."

"मग?"

"झोपले होते तेव्हा दोघंही जास्त घाबरलो."

एव्हर्ट हसला नाही. किल्लीला त्याने हात लावला नाही. उलट दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"ही तुम्ही मला देऊ नका," तो म्हणाला.

"का? चोऱ्या करतोस?"

"दोन वर्षांपूर्वी माझी बायको, तिनेके, स्वयंपाकघरात पडली. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसलो होतो. आवाज ऐकला मी. वाटलं, वरच्या मजल्यावरचा असेल." पुढचे वाक्य त्याने अजून कुणापुढे म्हटले नव्हते, डॉक्टरपुढेही नाही. "प्रकरण संपायला दोन पानं राहिली होती. ती पानं संपवली आणि मग उठलो. तोवर ती गेली होती."

डिकाने हात लांब करून डबा ओढला, झाकण काढले आणि दुसरे बिस्किट त्याच्या बशीत ठेवले.

"बेरेंट ठार बहिरा आहे," ती म्हणाली. "मी जिन्यावरून भांड्यांसकट गडगडत आले असते तरी पलीकडे त्याला पत्ता लागला नसता. म्हणून तर पडदा. त्याच्या बायकोनं काढलेली युक्ती. ह्यात कानांचं कामच नाही, नुसतं बघायचं आहे." तिने झाकण दाबून बसवले. "नऊच्या ठोक्याला तेवढं वाचत बसू नकोस, म्हणजे झालं."

त्याने बिस्किट खाल्ले.

निघताना त्याने कोटाची बटणे लावली, तशी ती म्हणाली, "आज तिसरा दिवस ना तुझा? बेरेंट लेकीकडे बोटं मोजत बसलाय. माघार घ्यायची तर घे बाबा. किल्ली मात्र परत आणून टाक. माझ्या पत्रपेटीत, काचेच्या नव्हे." आणि तिने ती त्याच्या रिकाम्या पिशवीत सोडली.

"पण मी एक ऑक्टोबरला येणार," तो दारातून म्हणाला. "आलोच तर. अजून अठरा दिवस आहेत. तोवर कोण बघणार?"

"कुणी नाही. तोवर मी जिन्यावर कठडा धरून चालेन."

घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, त्याने पत्र आणि किल्ली शेजारीशेजारी टेबलावर ठेवली. एजंटची कचेरी चालत दहा मिनिटांवर होती. साडेसहाला त्याने कोट चढवला आणि उतरवला. आठ वाजता पुन्हा चढवला. अठरा सकाळी कुणी बघणार नाही, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हते. घरे रिकामी होतात आणि मधल्या दिवसांचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो. मग कोट अंगावर तसाच ठेवून तो टेबलाशी बसला, तिनेकेचे भिंग घेतले आणि बसच्या वेळापत्रकातले बारीक आकडे वाचू लागला. सात अठ्ठावन्नची बस एस्सेलोला आठ एक्केचाळीसला पोचत होती.

सकाळी जाग आली तेव्हा पत्र होते तिथेच होते. शुक्रवार उजाडला होता. त्याने किल्ली कोटाच्या बाहेरच्या खिशात घातली आणि पत्र आतल्या.

आज त्याच्याकडे बरणी नव्हती. काचेच्या पेटीपाशी तो मोकळ्या हातांनी उभा राहिला आणि आपण येणाऱ्याजाणाऱ्याला कसे दिसत असू, याचा विचार करायचे विसरून गेला. चर्चच्या घड्याळाने ठोके दिले. त्याने ते सगळे ऐकले, एकही सोडला नाही. नऊ.

वरचा पडदा बंद होता.

शेजारच्या, चौदा नंबरच्या खिडक्यांना पडदे असूनही त्या आंधळ्या दिसत होत्या. नऊ वाजून एक मिनिट. त्याने खिशातली किल्ली मुठीत धरली. नऊ वाजून दोन. त्याने रस्ता ओलांडला. सोळा नंबरच्या छोट्या फाटकाची कडी काढली, ती ओली होती, आणि एक पाऊल आत टाकले तोच वर पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज झाला. पडद्याचा एक भाग बाजूला गेला, मधेच अडकला. एका बारीक हाताने त्याला हिसका दिला. मग दुसरा भाग गेला.

डिकाने खाली पाहिले नाही. खिडकीतल्या कुंडीवरून बोट फिरवले, ते नाइटगाऊनला पुसले आणि आत गेली.

एव्हर्टने पाऊल मागे घेतले. कडी आवाज न करता लावायला त्याला बराच वेळ लागला.

परतीच्या बसला सकाळचाच चालक होता. त्याने आरशातून पाहिले.

"एवढ्यात झालं काम?"

"झालं," एव्हर्ट म्हणाला. त्याच्या मांडीवर खिशातून काढलेले पुस्तक होते, बंद. थोड्या वेळाने तो उठून दांडी धरत पुढे आला. "सकाळची सात अठ्ठावन्नची बस उद्या आहे ना?"

"उद्या आहे. परवा रविवार. रविवारी पहिली बस साडेदहाला."

एव्हर्टने कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढले, उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिले : रविवार, सायकल, एकवीस किलोमीटर. सातला निघायचे. मग पेन्सिल तशीच धरून त्याने विचारले,

"रविवारी वारा कुठला असेल?"

"पश्चिमेचा. दुसरा कुठला असणार?" चालक म्हणाला.

म्हणजे पूर्वेला, एस्सेलोकडे जाताना पाठीवर, एव्हर्टच्या मनात आले. त्याने सातवर काट मारली आणि सव्वासात केले.