चाकावर पाणी कुणी टाकलं

उमरखेडच्या शाळेत जुना माहितीपट दाखवणार होते. त्यात माझे दादा, म्हणजे आजोबा, रहमत सुतार, बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं चाक बनवतात. दादी सकाळीच तयार होऊन बसली होती. चित्रीकरणाच्या दिवशी तीही सोबत राबली होती.

पडद्यावर तरुण दादांनी आरे ठोकले. मग लाल तापलेली धाव, म्हणजे लोखंडी कडं, चाकावर बसवली. तापलेलं लोखंड फुगलेलं असतं. ते गार होताना आकसतं आणि लाकूड आवळून धरतं. पाणी लवकर पडलं तर धाव अर्ध्यातच अडकते, उशिरा पडलं तर लाकूड जळतं. वाफ उठली. पडद्याच्या कडेला घागर दिसली आणि हिरव्या बांगड्यांचा हात. निवेदक म्हणाला, “एकट्या माणसाचं कौशल्य.”

“तो हात माहा हाय!” दादी मोठ्यानं म्हणाली. लोक वळून पाहू लागले.

दादा हसले. “पाणीच त टाकलं तू.”

“पाणीच? धुरात तुमाले चाक दिसे काय? ‘आता’ कोन म्हने?”

“घरी बोल.”

“घरीच त बोलून राह्यली इतकी सालं!”

नंतर मैदानात प्रात्यक्षिक होतं. गोवऱ्यांच्या आगीत धाव तापत होती. कार्यक्रम ठरवणाऱ्या रजत सरांनी स्टँडवर मोबाइल लावला, दादांवर रोखून. दादी खुर्चीत हाताची घडी घालून बसली. मी घागर उचलली.

“ठेव खाली, जिया,” दादी म्हणाली.

मी ठेवली. त्या निवेदकाचा मलाही संताप आला होता, आणि दादांच्या हसण्याचा त्याहून जास्त.

दादांनी दोन माणसांसोबत सांडशीनं धाव उचलून चाकावर ठेवली. लाकडानं पेट घेतला. धुरात दादा खोकू लागले. “पाणी!”

रजत सर धावले आणि हातातली बाटली एकाच जागी रिकामी केली. धाव तिरपी बसली.

“तिथं नाही, चारी बाजूनं! रौशन!” दादा ओरडले. चारचौघांत त्यांनी दादीचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. “रौशन, ऊठ न!”

दादी उठली, पण घागरीला हात लावला नाही.

“मास्तर,” ती म्हणाली, “आधी कॅमेरा इकडं फिरवा.”

“दादी, चाक जळून राह्यलं!” मी ओरडले.

“जळू द्या. फिरवा.”

सरांनी मोबाइल वळवला. दादीनं त्यात एकदा रोखून पाहिलं आणि घागर उचलली.