डिस्कमहाराजांना दिसलेली स्त्री

रविवारी सकाळी नऊच्या आतच दुकानासमोर मुंगी शिरायला जागा राहिली नव्हती. पायऱ्यांवर माणसं, फुटपाथवर माणसं, समोरच्या औषधाच्या दुकानाच्या कट्ट्यावरही माणसं. आत टेबलावर सात-आठ जुने सीपीयू ओळीने मांडलेले, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. पाटीवर अजून ‘संगणक दुरुस्ती व सुटे भाग’ असंच होतं. पण मालकाने दाढी वाढवून शाल पांघरल्यापासून सगळे त्याला डिस्कमहाराज म्हणत.

“यंत्र तुम्ही विकत घेता,” महाराज डोळे मिटून बोलत होते, “पण यंत्रातला माणूस कुठे जातो? त्याची कंपनं डिस्कमध्ये अडकून राहतात. म्हणून यंत्र अडखळतं, तापतं, मध्येच बंद पडतं. विज्ञान आता कुठे इथवर पोचतंय. आम्ही आधीच येऊन बसलोय.”

नियम साधा होता. यंत्र आदल्या दिवशी आणून आतल्या खोलीत ‘विसाव्याला’ ठेवायचं. रविवारी महाराज त्यावर तळहात ठेवणार, जुन्या मालकाची व्यथा सांगणार, त्याला मोकळं करणार आणि मग नवी सिस्टीम टाकून देणार.

आज पहिला नंबर बेकरीवाल्याचा होता. महाराजांचा तळहात थरथरला. “गुडघा... डावा गुडघा. दोन मुली. धाकटीशी अबोला, लग्नापासून.”

बेकरीवाल्याने ज्याच्याकडून यंत्र घेतलं होतं त्याला तिथल्या तिथे फोन लावला. “अहो, खरंय म्हणतात! डावाच!” गर्दीने हात जोडले. अर्ध्या तासाने नवी सिस्टीम टाकलेलं यंत्र चालू झालं, तेव्हा महाराज म्हणाले, “बघा, कंपनं गेली. कसं पळतंय.”

“सगळं पुसून नव्याने सिस्टीम टाकल्यावर पळणार नाही तर काय रांगणार?” मागून कुणीतरी म्हणालं. त्या मास्तरीणबाई होत्या. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतरही चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ मारायला हात शिवशिवत असलेल्या. त्या हौसेने आल्या नव्हत्या. धाकट्या बहिणीने त्यांना ओढून आणलं होतं.

बहिणीची गोष्ट अशी. तिचा नवरा नळखात्यात नकाशे काढायचा. घशाच्या आजाराने शेवटचे चार महिने त्याचं बोलणं बंद झालं, तेव्हा तो संगणकावर टाइप करूनच घरच्यांशी बोलत असे. त्याला जाऊन वर्ष झालं. तो असतानाच मुलीने लांबच्या शहरात नर्सिंगला जायचं म्हटलं होतं; आता तिला तिथे प्रवेश मिळाला, म्हणून त्याचा सीपीयू पुसून तिला द्यायचा, असं ठरलं. बहीण तो घेऊन महाराजांकडे गेली. महाराजांनी तळहात ठेवला आणि म्हणाले, “तो बोलतोय. ‘पोरीला इतक्या लांब पाठवायला माझं मन धजत नाही.’ माई, हे यंत्र पुसू नका. पुसलंत तर तो दुसऱ्यांदा मरेल. दर रविवारी घेऊन या, म्हणजे बोलणं होईल.”

तेव्हापासून सीपीयू घरी कापडाखाली झाकलेला होता, आणि मुलीचं जाणं अडलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारपर्यंत होकार कळवला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

दुकानातून घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी चपला काढायच्या आधीच विषय काढला. “तुला एवढी खात्री कशी?”

“ताई, तो संगणकावर एक पत्र लिहून गेला होता. मी दोन ओळी वाचल्या आणि पुढे वाचवेना. उडवून टाकलं. महाराज बोलले ते वाक्य त्यातलंच होतं, शब्दन् शब्द. ते जगात दोघांनाच ठाऊक. एक गेला आणि दुसरी मी.”

“आणि ज्यात ते लिहिलं होतं तो डबा? महाराजांनी हात ठेवायच्या आदल्या दिवसापासून तो कुणाच्या खोलीत विसावा घेत होता?”

“पण मी डिलीट केलं होतं!”

भाची कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आई, डिलीट केलं की यादीतलं नाव तेवढं जातं. मजकूर जागेवरच असतो.”

“म्हणजे हजेरीपटावरून नाव खोडलं,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “पण पोर बाकावरच.”

“हो. दुसरं कुणी येऊन त्या बाकावर बसेपर्यंत. आणि अशी पोरं शोधून काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, मावशी.”

“तुम्ही दोघी एक झालात,” बहीण म्हणाली. “तिला जायचंय म्हणून ती बोलते. आणि तुझी तर ती लाडकी.” मास्तरीणबाईंना तिचा राग आला आणि तेवढीच दयाही आली. वर्षभर मुक्या झालेल्या घरात कुणीतरी तिला नवऱ्याचा शब्द आणून दिला होता. तो ती सुखासुखी कशी सोडणार?

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग महाराजांची परीक्षा घेऊ. जन्मभर मी दुसरं काय केलंय? ते पास झाले तर मी पुन्हा त्यांच्याविरुद्ध अक्षर काढणार नाही. नापास झाले तर पोर जाणार.”

बहिणीने ‘चालेल’ म्हणून मान हलवली.

शाळेच्या स्टाफरूममधला एक सीपीयू भंगारात निघाला होता. तो मुख्याध्यापकांना विचारून घरी आणला. भाचीने आधी त्याची डिस्क शून्यांनी भरली. “प्रत्येक बाकावर एकेक शून्य बसवलं,” ती म्हणाली, “आता जुनं एकही पोर सापडणार नाही.” त्याला पाच तास लागले. मग नवी सिस्टीम टाकली. मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, एक पान टाइप केलं. बहिणीने ते वाचलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या ओठांवर जरासं हसू आलं. मग तिच्यादेखत ते पान डिलीट झालं, कचरापेटीही रिकामी झाली आणि सीपीयू शनिवारी महाराजांकडे विसाव्याला गेला. “शाळेच्या वाचनालयाला द्यायचाय,” मास्तरीणबाईंनी सांगितलं. “आधी कुणाचा होता, देव जाणे.”

रविवारी महाराजांनी त्यावर तळहात ठेवला आणि एकदम हुंदकाच दिला. गर्दी पुढे सरकली.

“स्त्री आहे... सदा काळ्या वस्त्रात. अरेरे. घरावर आभाळ फाटलं तेव्हा हीच सगळ्यांच्या डोक्यावर उभी राहिली. स्वतः भिजली, त्यांना कोरडं ठेवलं. एका वादळात हिची तीन हाडं मोडली. कुणी औषधपाणी केलं नाही. एकदा तर सगळे हिला बसमध्ये विसरून घरी निघून गेले.”

“कसली माणसं म्हणायची ही,” औषधवाला म्हणाला. एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. कुणी म्हणालं, पत्ता मिळाला तर पोलिसांत जाऊ.

“आता कुठे आहे ती?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“दाराआड. कोपऱ्यात उभी. कुणी हात लावत नाही.”

“कुणाच्या दाराआड?”

“अंधार आहे, माई. दिसत नाही.”

“माझ्या,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आज बरोबरच आणलीय.” त्यांनी पिशवीतून काळी छत्री काढून टेबलावर ठेवली. तिच्या तीन काड्या बाहेर आल्या होत्या. मग त्यांनी कागद उघडून वर्गात वाचत तसं वाचलं: “निबंध. इयत्ता सहावी. मी फाटकी छत्री बोलतेय.”

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कट्ट्यावरून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेना कुणाला.

“जडातही चैतन्य असतं!” महाराजांनी आवाज चढवला.

“असेल. पण मी फाइलीत शीर्षक लिहिलं नव्हतं, एवढ्यावरून चैतन्याची बाई झाली? शीर्षक ठेवलं असतं तर तुम्हाला छत्रीच दिसली असती.” आणि मग त्यांनी हजेरीपट, बाक, खोडलेलं नाव आणि बसून राहिलेलं पोर, सगळं गर्दीला समजावून सांगितलं.

बेकरीवाला विचारात पडला. “म्हणजे तो डावा गुडघा...”

“डॉक्टरांना लिहिलेलं पत्र असेल. अबोला धाकटीला लिहिलेल्या पत्रात.”

“मी माझा जुना सीपीयू मागच्या वर्षी विकला,” तो हळूच म्हणाला, “नुसतं डिलीट करून.” आणि कुणाचाही निरोप न घेता तो तरातरा निघाला. दोघं-तिघं मात्र जाता जाता म्हणत होते, “काही म्हणा, छत्रीचं दुःख कळायलाही साधना लागते.”

घरी बहिणीने स्वतःच कापड काढलं. भाचीने तोच फुकटचा प्रोग्रॅम लावला. वीस मिनिटांत पत्र पडद्यावर आलं, सगळंच्या सगळं.

‘पोरीला इतक्या लांब पाठवायला माझं मन धजत नाही. तुझंही धजणार नाही. पण त्याचं ऐकून तिला थांबवू नकोस, ते आजारी माणसाचं मन आहे. दवाखान्यात मला पाणी पाजणाऱ्या आणि सुई टोचणाऱ्या सगळ्या अनोळखी मुली आहेत. त्यांनाही कुणीतरी मन घट्ट करून लांब पाठवलंच असेल.’

बहीण रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “ताई, त्या माणसाने हे सगळं वाचलं होतं. शेवटपर्यंत वाचलं होतं. आणि मला एकच ओळ सांगितली.” इतका संताप मास्तरीणबाईंनी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

पत्र छापून कपाटात ठेवलं. मग डिस्कवर शून्यं भरली, नवी सिस्टीम टाकली, आणि यंत्राने नव्या वापरकर्त्याचं नाव विचारलं तेव्हा आईने मुलीचं नाव स्वतः टाइप केलं. सोमवारी सकाळी होकार गेला.

पुढच्या रविवारीही दुकानासमोर पंधरा-वीस माणसं होतीच. चार लोकांत तोंड न उघडणारी मास्तरीणबाईंची बहीण त्या दिवशी पायरीवर उभी राहिली. महाराज आतून शटर ओढायला लागले होते, पण ती थांबली नाही.

“तुमच्या गेलेल्या माणसाचं कुणी काही सांगितलं, तर रडू येणारच,” ती म्हणाली. “मलाही आलं. रडा. पण हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, तुम्हाला हे कळलं कसं? खरं सांगणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.”