परत पाठवलेलं दूध

डाळज गावात कुणाची गाय अडली की माणसं डॉक्टरला नंतर फोन करायची, आधी आक्काबाईला हाक मारायची. सासऱ्याच्या काळात त्या घरात मेंढरं होती, आता गोठ्यात गाया आल्या, पण जनावराची जाण तीच. वासरू भुईवर पडलं की ते धड उभं राहायच्या आत आक्काबाई त्याचं तोंड कासेला लावायची. कुणी खरवसाच्या आशेनं आधीच चीक काढायला बसलं, तर पातेलंच लाथाडायची. "आधी वासराला पाजा की मुडद्यांनो! चीक पोटात गेला न्हाय तर जगंल का ते?" तिच्या हातचं वासरू कधी दगावलं नाही, आणि हे ती स्वतःच गावभर सांगायची.

आणि याच शहाण्या बाईनं सुनेचा चीक चुलीतल्या राखेत पिळून टाकायला लावला. आता काय म्हणावं या अकलेला!

सून सुकन्या पहिलटकरीण. मुलगा झाला, घरात पेढे वाटले, बाळाच्या कपाळाला भंडारा लागला. दवाखान्यात नर्सबाई बाळ अंगावर लावून द्यायची, पण तिची पाठ वळली की आक्काबाई ते उचलून घ्यायची. "आमच्यात पाचवी पुजल्याबिगर पाजत न्हायीत. पिवळं, चिकाट, नऊ महिने साठल्यालं दूध ते. बाळाला बाधतं." मग गुळाचं पाणी, मग गाईचं दूध, निम्म्याला निम्मं पाणी घालून, बाटलीतनं. पाचवी पुजली तोवर बाळाला बाटलीच गोड लागली होती. सुकन्यानं छातीशी धरलं की तोंड फिरवून किंचाळायचं. ओढणारंच कुणी नाही म्हटल्यावर दूध उतरणार कुठनं? कास चोखली नाही तर गाय आटते, हे आक्काबाईला झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. पण गोठ्यातली अक्कल गोठ्यातच राहिली, बाळंतिणीच्या खोलीत काही आली नाही.

बाळाला जुलाब लागले. सुकन्या म्हणायची, "आत्या, ह्ये वाळत चाललंय ओ." आक्काबाई म्हणायची, "गप. मल्हारला मी असंच वाढीवलं." मल्हार म्हणजे तिचा लेक, बाळाचा बाप. पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन जायचा आणि आई म्हणेल त्याला मान हलवायचा.

अशात एका दुपारी करुणा दारात आली. बुद्धविहारामागं तिचं घर, इंदापूरला पतसंस्थेत नोकरी. तिचं बाळ आठव्या महिन्यातच झालं आणि बारामतीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीतच दगावलं. त्याला जाऊन पुरता आठवडाही झाला नव्हता. डोळे सुजलेले, पदर छातीवर घट्ट ओढलेला.

"आक्का, तुमचं बाळ रडतंय ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतंय," ती म्हणाली. "मला दूध हाय. वाया चाललंय. तितं दवाखान्यात आमी बायका एकमेकींच्या लेकरांना पाजायचो, डॉक्टरीणच द्यायला सांगायची. सुकन्याचं उतरंपर्यंत मी येत जाते. तिलाबी बसून शिकवते."

आतनं सुकन्या ऐकत होती. ती भिंतीला धरून उठलीसुद्धा.

आक्काबाई उंबऱ्यावर दोन्ही हात लावून उभी राहिली. "पोर गेलेल्या बाईचं दूध माझ्या नातवाच्या तोंडात? नगं बाई. आपशकुन नगं."

जातीचं ती काही बोलली नाही. ते बोलायचं नाही, एवढं आता सगळेच शिकलेत. पण करुणाला कळायचं ते कळलं. ती माघारी गेली, आणि छातीत गाठी धरून ठणकत होतं म्हणून डॉक्टरनं दिलेली दूध आटायची गोळी, जी तिनं अजून घेतलीच नव्हती, ती घरी जाऊन घेतली.

मग दोन-तीन दिवसांत बाळाचं रडणं कमी झालं. "बघ," आक्काबाई सुनेला म्हणाली, "निजलं. पोट भरलं त्याचं." आणि खरंच तिला बरं वाटलं. सकाळी तिनं टाळूवर तेल घालायला हात नेला, तर बोट खड्ड्यात गेलं. ओठ कोरडे ठाक. पायाला चिमटा काढला तरी बाळ नुसतं बघत राहिलं. असं बघणारं वासरू तिनं दुसऱ्यांच्या गोठ्यात पाहिलं होतं.

मल्हारला गाडी काढायला सांगून ती अनवाणी विहारामागं पळाली. जन्मात त्या आळीत न गेलेली बाई! करुणाच्या दारात तिनं हात जोडले. "चल माझे बाई. चुकलं माझं. पाज त्याला."

"आटलं, आक्का," करुणा म्हणाली. "तुमी न्हाय म्हणालात, मग मी गोळी घेतली."

तरी ती निघाली. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर दार लावून घेतलं असतं, आणि त्यात तिला बोल लावायला कुणाची जीभ वळली नसती. गाडीत बारामतीपर्यंत तिनं सुकन्याची पाठ सोडली नाही. बाळाचं तोंड पुनःपुन्हा छातीला लावत राहिली. आणि वाटेत सुकन्याला पान्हा फुटला! पोलकं भिजलं, बाळाच्या ओठांवरनं दूध ओघळून गळ्यापर्यंत गेलं. पण ओढायचं त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावायला शीर शोधली, ती सापडेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला मातीत ठेवून आल्यावर सुकन्याची छाती भरून दगड झाली. करुणा रोज येऊन शेकायची, पिळून द्यायची. आक्काबाई तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसायची. सुनेच्या समोर उभं राहायला तिला तोंड नव्हतं.

थोड्या दिवसांनी करुणाच सांगत आली. खालच्या आळीतल्या लक्ष्मीबाईची सून बाळंत होऊन बारामतीच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे, आणि नात घरी बाटलीवर आहे. सुकन्यानं उठून चपला घातल्या. "थांब," आक्काबाई म्हणाली, "मीबी येते."

लक्ष्मीबाईनं तिघींना दारात बघितलं आणि दोन्ही हात चौकटीला लावले. "नगं गं आक्का. पोर गेलेल्या बाईचं दूध... तूच सांग, तुझ्या घरात चाललं असतं का?"

आणि दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला. आत पोर टाहो फोडत होतं, आणि त्या आवाजानं सुकन्याचं पोलकं पुढनं ओलं होत चाललं होतं. करुणानं तिला माघारी वळवायला खांद्याला धरलं, पण सुकन्या हलेना.

आक्काबाई उंबऱ्यावर खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी दार बडवायला लागली. "लक्ष्मे, उघड! रडतंय तंवर उघड गं. आमच्याचं रडायचं थांबलं, तवा मला वाटलं, निजलं."