धरायची तालीम

लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात मी एकतीस वर्षं मावशी होते. लादी पुसली, चादरी बदलल्या, आणि सुईच्या वेळी पोरं धरली.

त्यात पाठीतली सुई सगळ्यात अवघड. पोराला कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी घेऊन मुटकुळं करायचं आणि मणक्यात औषध जाईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. पोर हललं की सुई बाहेर. आईबापाच्या हातात पोरं कमी घाबरतात, म्हणून आमच्याकडे आधी आईबापच धरत, त्यांना जमलं नाही तर मी.

एक शिंपी सहा वर्षांच्या लेकीला घेऊन एकटाच आला होता. बायको घरी बाळंतीण. लेकीचे पुढचे दोनच दात शाबूत, म्हणून वॉर्डभर ती खारूताई झाली. पहिल्या सुईला ती किंचाळली, "बाबा, सोड ना!" आणि त्यानं सोडलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "उद्या सकाळी पुन्हा करू. औषध लांबवून चालणार नाही. छातीत कफ आहे, त्यामुळे भूलही देता येत नाही. तुम्हाला जमत नसेल तर मावशी धरतील."

खारूताईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मावशी नको. बाबाच."

दुपारी पोरं झोपली तेव्हा शिंपी बाहेरच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून.

"मावशी, अंधारातसुद्धा सुईत दोरा ओवतात हे हात. आणि पोरीला धरता येईना."

"सुईवर पोट भरतोस आणि सुईलाच भितोस होय रे मास्तर?"

बोलणारा हा, वॉर्डात सगळे त्याला पैलवान म्हणत. ट्रकचा मेकॅनिक. दारातून आडवा होऊन शिरावं लागेल असा देह. त्याचा मुलगा आठ महिने आमच्याकडे होता. बायको दिवसभर कामावर, आणि हा खुर्चीत बसून पोराच्या सलाईनचे थेंब बघत असायचा.

"ऊठ. मला धर," म्हणाला आणि बाकावर कुशीवर आडवा झाला. बाक करकरलं.

"गुडघे पोटाला लाव की," मी म्हटलं.

"लावतो हो मावशी, पण मधे पोट आहे ना!"

दारादारांतून पोरांच्या आया बाहेर आल्या. त्यांतली चष्मेवाली सगळ्यांत जुनी, तिचं पोर दुसऱ्यांदा आजारी पडलेलं. "अगं बाई, केवढं गोंडस बाळ!" म्हणत तिनं चमचा आणला आणि सुई म्हणून पैलवानाच्या पाठीला टोचला.

"बाबा, सोड!" पैलवान दबक्या आवाजात बोंबलला. "मी शहाण्यासारखा वागेन, सगळी भाजी खाईन!"

शिंप्याचे हात सुटले. पुन्हा धरलं, पुन्हा सुटले. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. शिंपी मात्र रडवेला झाला होता.

"दाबतोस कशाला, भाऊ?" चष्मेवाली म्हणाली. "दाबलं की पोर ढकलतं. मिठी मार आणि कानात बोलत राहा. आपण बोललो की आपले हातही ऐकतात."

"काय बोलू?"

"तुझ्या कामाचं बोल."

शिंपी बाकाशी गुडघे टेकून बसला. एक हात पैलवानाच्या मानेमागे घातला, दुसरा गुडघ्यांमागे. "आधी कापड भिजवून वाळवायचं," तो पुटपुटला, "म्हणजे पुढे आटत नाही. मग खांद्यापासून माप घ्यायचं..."

पैलवान एकदा ओरडला. मग अर्धवट ओरडला. बाही बेतून झाली, गळा कातरून झाला, आणि बाकावरून घोरणं ऐकू आलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले. आठ महिन्यांत तो माणूस खुर्चीत डुलक्या घेण्यापलीकडे झोपला नव्हता. शिंप्यानं डोळ्यांनी मला विचारलं, सोडू का? चष्मेवालीनं नको म्हणून मान हलवली.

त्यानं नाही सोडलं. फ्रॉक सांगून संपला तेव्हा सदरा सांगायला घेतला. घाम नाकावरून ठिबकत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. चष्मेवालीनं पदरानं पुसला. जेवणाच्या भांड्यांची गाडी आली तर दोघी आयांनी ती उचलून पलीकडे नेली, चाकं वाजू नयेत म्हणून. समोरच्या घड्याळात मी बघितलं, पन्नास मिनिटं झाली होती. ज्यांना स्वतःच्या पोराचं उद्याचं ठाऊक नव्हतं, ती माणसं एका परक्याची झोप राखत होती. मला पायांतल्या चपला काढाव्याशा वाटल्या.

आतून मुलानं हाक मारली तसा पैलवान दचकून उठला, तोंड पुसलं. "झोपलो की काय? मास्तर, फ्रॉक झाला?"

"झाला," शिंपी उठता उठता भिंतीला धरून म्हणाला. "काजं तेवढी राहिलीत."

सकाळी मी तबक घेऊन आत उभी होते. सुई टेकली आणि खारूताई किंचाळली, "बाबा, सोड!"

हात हलले नाहीत. "आधी कापड भिजवून वाळवायचं," तो तिच्या कानात म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिच्या केसांत पडत होतं, आवाज मात्र सरळ. "रंग कुठला घेऊ?"

"पि... पिवळा."

"पिवळा. मग खांद्यापासून माप..."

घेर शिवून होईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी सुई काढून बोळा दाबला होता. "झालं," त्या म्हणाल्या. त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

मी दार उघडलं. बाहेर पैलवान मुलाला कडेवर घेऊन उभा होता. त्या दिवशी त्याच्याही पोराची सुई होती, बारावी.

"काजं झाली का रे?" त्यानं आत डोकावून विचारलं.

"झाली."

"मग सरक बाजूला," म्हणाला आणि आडवा होऊन दारातून आत शिरला.