चोवीस पानं उभा

प्रकाशकबाईंनी शेवटचं पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि एकेका चौकटीवर बोट ठेवत मोजायला लागल्या. समोरच्या खुर्चीत बसलेले मास्तर त्यांच्या बोटाकडे पाहत राहिले. बोट चोवीस पानं फिरून थांबलं.

“शून्य,” त्या म्हणाल्या.

“काय शून्य?”

“ठोसे. अख्ख्या अंकात एक ठोसा नाही. लाथ नाही. कुणी उडत नाही, काही फुटत नाही.”

“इमारत कोसळते की.”

“ती पहिल्या पानाच्या आधीच कोसळलीय, काका.”

हे खरं होतं. मास्तरांनी इमारत अंक सुरू होण्यापूर्वीच पाडून ठेवली होती. पहिल्या चौकटीत ढिगारा होता, ढिगाऱ्याखाली एक स्वयंपाकघर, स्वयंपाकघरात टेबलाखाली अडकलेली एक म्हातारी, आणि तिच्या डोक्यावर येऊ घातलेली स्लॅब दोन्ही हातांनी तोलून धरलेला अभेद्य. तो जरा हलला असता तर वरचे दोन मजले खाली आले असते. म्हणून तो हलत नव्हता. खालून टेकू लागेपर्यंत अकरा तास तो तसाच उभा राहणार होता आणि म्हातारीशी बोलणार होता.

मास्तर एके काळी खरोखरच मास्तर होते, भूगोल शिकवायचे. पंचवीस वर्षांपूर्वी प्रकाशकबाईंच्या वडिलांनी चित्रकथांचं मासिक काढायचं ठरवलं, तेव्हा शाळा सुटल्यावरच्या वेळात त्यांनी अभेद्यचा पहिला अंक लिहिला. मग शाळा सुटली ती कायमची. अभेद्यला सुरी लागत नसे, गोळी लागत नसे, आगीतून तो भांग न विस्कटता बाहेर येई. कचेरीत सगळे त्याला अभ्या म्हणायचे. पहिला अंक निघाला तेव्हा प्रकाशकबाई नऊ वर्षांच्या होत्या. खालच्या छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून त्या ओल्या शाईची पानं वाचायच्या आणि फ्रॉकला बोटं पुसायच्या. वडील गेल्यावर खुर्ची त्यांच्याकडे आली. चारचौघांत त्या मास्तरांना ‘सर’ म्हणत आणि मास्तर त्यांना ‘मॅडम’. दार लावलं की काका आणि तू.

दार आत्ता लावलेलं होतं.

“हा तीनशेवा अंक आहे,” त्या म्हणाल्या. “यात अभ्या मरणार आहे. मी वितरकाला सांगून बसलेय. काळं मुखपृष्ठ. तो दुप्पट प्रती उचलायला तयार झालाय.”

“आणि तीनशेएकमध्ये?”

“तीन महिने सगळं शहर शोकात. मग तो परत येतो. सगळेच परत येतात.”

“मग तो मेला नाही. गावाला जाऊन आला.”

त्या हसल्या नाहीत. टेबलावरची पानं त्यांनी एकसारखी केली. “खप दर महिन्याला उतरतोय. असंच चाललं तर वर्षभरात मासिक बंद करावं लागेल. मग तुमचा अभ्या उभा राहून कुणाला दिसणार?”

“मी त्याला मारणार नाही.”

“अभ्या संस्थेचा आहे, काका. करारावर तुमची सही आहे.”

असं बोलणं या खोलीत यापूर्वी कधी झालं नव्हतं. दोघांनाही ते कळलं. मास्तर उठले, आपली पानं त्यांनी पिशवीत घातली.

“मग घे दुसऱ्या कुणाकडून लिहून.”

“घेईन,” प्रकाशकबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी व्हायच्या तशाच.

घरी मास्तरांची बायको गच्चीवरून आणलेले कपडे पलंगावर पसरून घड्या घालत होती. तिची सगळी नोकरी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली होती, आणि नवऱ्याची चित्रकथा तिने कधी आपणहून वाचायला घेतली नव्हती. माणसाला गोळी लागत नाही म्हटल्यावर त्यात आपलं काय काम, असं तिचं म्हणणं. पण मास्तर असे गप्प बसले की ती वाचून दाखवायला सांगायची.

“वाचा,” ती म्हणाली. “चादरी व्हायच्यात अजून.”

मास्तरांनी वाचलं. बाराव्या पानावर अभेद्य म्हातारीला धैर्य म्हणजे काय ते सांगत होता. मास्तरांना ते पान फार आवडायचं. बायकोने उशीचा अभ्रा झटकला.

“किती वेळ झालाय त्याला हात वर धरून?”

“बाराव्या पानावर? साडेपाच तास.”

“आणि एवढी लांब वाक्यं बोलतो?”

“तो अभेद्य आहे.”

“त्याला लागत नाही, ते कळलं मला. पण थकतो की नाही? तहान लागते की नाही?” तिने अभ्र्याची घडी घातली. “अहो, तुमचा तास संपला नाही अजून. बिचारी म्हातारी बाकावर बसल्यासारखी ऐकतेय.”

मास्तरांना हे लागलं. ते उठले. कपाटावर रिकामी सूटकेस होती, ती त्यांनी काढली, तिच्यात मागच्या तीन-चार वर्षांचे अंक भरले आणि ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून दाराच्या चौकटीत उभे राहिले.

“आता मी बाराव्या पानावरचं बोलतो. घड्याळ बघ.”

बायकोने घड्याळ बघितलं. मास्तरांनी सुरुवात चांगली केली. दुसऱ्या मिनिटाला वाक्यांची लांबी कमी झाली. तिसऱ्या मिनिटाला एक क्रियापद गळालं. चौथ्या मिनिटाला धैर्य म्हणजे काय ते सांगायचं राहिलं आणि ते समोरच्या भिंतीकडे नुसते बघू लागले. खांदे थरथरत होते. बायको स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मास्तरांना तो घेता येईना, कारण हात मोकळे नव्हते. सूटकेस खाली ठेवावी हे दोघांच्याही मनात आलं नाही. तिने पेला त्यांच्या ओठांना लावला, दुसरा हात हनुवटीखाली धरला, आणि इस्पितळात हजार वेळा केलं असेल तसं बेताबेताने पाजलं.

“सावकाश,” ती म्हणाली. “कुठे जायचंय तुम्हाला?”

सूटकेस खाली आली तेव्हा मास्तरांचा चेहरा लाल झाला होता, पण ते खूश दिसत होते. ते तसेच जाऊन टेबलाशी बसले. हात इतका थरथरत होता की पहिल्या दोन ओळी त्यांना पुन्हा लिहाव्या लागल्या.

पुढचे आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. अंक दुसरा कुणी लिहीत असेल हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते लिहीत राहिले, कारण आता थांबणं शक्य नव्हतं. अभेद्यची वाक्यं आखडत गेली. सातव्या पानापासून तो दोन-दोन शब्दच बोलू लागला, आणि बोलायचं काम म्हातारीने हातात घेतलं. ती आपल्या शेजारणीची गाऱ्हाणी सांगू लागली, फुटलेल्या बरण्यांचा हिशेब करू लागली. पंधराव्या पानावर ती टेबलाखालून कशीबशी सरपटत आली, तिने फुटक्या नळाखाली वाटी धरली आणि त्याला पाणी पाजलं. ठोसा अजूनही नव्हता. पण पानं पुढे सरकत होती. पहिल्या मसुद्यात ती सरकत नव्हती हे मास्तरांना आता दिसलं, आणि प्रकाशकबाईंचं निदान बरोबर होतं, औषध तेवढं चुकीचं होतं, असं त्यांनी बायकोला जेवताना सांगितलं.

“हे त्यांना सांगा,” बायको म्हणाली. “मला कशाला?”

नवव्या दिवशी दुपारी ते कचेरीत गेले. जिन्यात चित्रकार भेटला. तीनशेव्या अंकाचं एकही पान हातात न आल्यामुळे तो चार दिवस नुसत्या पेन्सिली छिलत होता.

“नवीन कोण लिहितंय?” मास्तरांनी विचारलं.

“कोणीच नाही, सर. मॅडम रोज दुपारी दार लावून बसतात. चहा नेला तरी म्हणतात, बाहेर ठेव.”

मास्तरांनी दारावर टकटक केली. प्रकाशकबाईंनी त्यांना बघितलं, टेबलावरचं काहीतरी घाईने खणात सारलं आणि हात पुढे केला. मास्तरांनी पानं दिली. या वेळी प्रकाशकबाईंनी चौकटी मोजल्या नाहीत. पंधराव्या पानाशी त्या बराच वेळ थांबल्या. खालच्या यंत्राची घरघर जमिनीतून खुर्चीच्या पायांपर्यंत येत होती. त्यांचा चेहरा आपल्याला दिसू नये म्हणून मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

चोवीस पानं संपली. प्रकाशकबाईंनी खण उघडला आणि चार कागद काढून मास्तरांपुढे सरकवले.

मास्तरांनी चष्मा पुसून घातला. चौकटी पट्टीने आखलेल्या होत्या, माणसं काड्यांची होती, आणि अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. वर लिहिलं होतं, ‘अभेद्यचा मृत्यू’.

“तू लिहिलंस?”

“दुसऱ्या कुणाला द्यायचं जिवावर आलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, मरायचंच आहे ना, मीच मारते. तुमचीच जागा घेतली, तीच स्लॅब. पाचव्या पानावर त्याला मारायचं होतं. पण तो मेला की स्लॅब म्हातारीच्या अंगावर येते. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“मग?”

“मग काही नाही. आठ दिवस तिथंच अडकलेय. म्हातारीला आधी बाहेर काढावं म्हटलं, तर ती जाईना.”

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि पहिल्याच ओळीतली एक वेलांटी त्यांनी दुरुस्त केली. दुसरं पान साधारण होतं. तिसऱ्यावर ढिगारा फारच व्यवस्थित रचलेला होता. चौथ्या पानावर एकच मोठी चौकट होती. अभेद्य उभा, म्हातारी त्याच्या पायाशी, आणि तिच्या तोंडून निघालेला संवादाचा एक फुगा.

‘हात दुखले तर सांग. मला काही करता येणार नाही. पण सांग.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. पेन त्यांनी बंद करून खिशात ठेवलं.

“हे कुठून आणलंस?”

“आणलं नाही.” प्रकाशकबाई खणाची कडी खालीवर करत होत्या. “बाबा अंथरुणावर होते तेव्हा रोज असंच म्हणायचे मी त्यांना. ते कधी सांगायचे नाहीत. आणि एके दिवशी सांगायला लागले. दुखतंय म्हणाले. मग बरं वाटायचं त्यांना थोडं.”

खालचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

“हे वाक्य मला दे,” मास्तर म्हणाले. “नवव्या पानावर बसेल. तिथून पुढे मग अभ्या सांगतो, दुखतंय म्हणून. तीनशे अंकांत एकदाही म्हणाला नाही तो.”

“तुमच्या अंकात माझं कशाला?”

“नवव्या पानावर माझं जे आहे ते याच्यापुढे उभं राहत नाही.”

प्रकाशकबाईंनी फोन जवळ ओढला आणि वितरकाला लावला. मास्तरांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“नाही, मरत नाही... नाही हो, जखमीसुद्धा होत नाही... उभा राहतो... हो. नुसता उभा.” बराच वेळ पलीकडचं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “बरं. तुम्हाला झेपतील तेवढ्याच घ्या.”

फोन ठेवून त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. “दुप्पट प्रती हातच्या गेल्या.”

“नेहमीच्या?”

“नेहमीच्या राहिल्या. पण काका, दर महिन्याला आता जमायचं नाही. दोन महिन्यांनी एक काढू. चालेल?”

“माझी पाठ कधीपासून तेच म्हणतेय.”

मग त्यांनी चहा मागवला, दार उघडलं, आणि शेवटच्या पानावरून भांडायला बसले. मास्तरांच्या शेवटच्या पानावर टेकू लागतात, पण अभेद्यचे हात खाली येत नाहीत, आखडलेले असतात. अग्निशमन दलातला एक माणूस ते एकेक करून खाली आणतो आणि म्हणतो, ‘शाब्बास.’ प्रकाशकबाईंना ते ‘शाब्बास’ नको होतं.

“हात खाली आणले ना? मग झालं की, सर. वर आणि शाब्बास कशाला?”

“एवढं केल्यावर कुणी काही म्हणणारच नाही का त्याला, मॅडम?”

अर्धा तास गेला. चित्रकार दारात उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी ‘शाब्बास’ गेलं, आणि त्याच्या बदल्यात मास्तरांनी ढिगाऱ्यातल्या बरण्यांसाठी दोन चौकटी जास्त मिळवल्या. चित्रकार पानं घेऊन जवळजवळ पळतच आपल्या टेबलाकडे गेला.

तीनशेवा अंक तीन आठवड्यांनी छपाईला लागला. त्या सकाळी मास्तर आणि प्रकाशकबाई दोघं खाली उतरले. यंत्रातून मोठे कागद एकापाठोपाठ एक येऊन पडत होते. एकेका कागदावर आठ पानं होती, अर्धी सुलट आणि अर्धी उलट. मशीनवाल्याने एक कागद उचलला, दोन्ही हातांत ताणून मॅडमपुढे धरला. नववं पान नेमकं उलटं आलं होतं. प्रकाशकबाईंनी मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली, आणि त्यांचे ओठ हलले.

“मॅडम,” मशीनवाल्याने विचारलं, “निळा जरा जास्त होतोय का?”

“निळा?” त्या म्हणाल्या, आणि मान तशीच ठेवून पुन्हा वाचू लागल्या.