मक्याच्या बांधावरच्या डब्या

प्रयोगशाळा बघायला आलेल्या मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! घोटीच्या भातखाचरातल्या गोगलगाईच्या पोटातला किडा मला पाहून लाजला होता, ते तरी कोण खरं मानतं?

नाशिकच्या या प्रयोगशाळेत मी आलो, तेव्हा माझं पितळ असं चकाकायचं की लोक माझ्यात बघून भांग पाडायचे. माझ्या वरच्या भिंगात केसाहून बारीक रेघांची पट्टी कोरलेली. काचेवरचा जीव केवढा, ते तिच्यावर मोजायचं. हिवतापाचे, हत्तीरोगाचे भलेभले जंतू माझ्यापुढे हजेरी लावून गेले. पुढे कॅमेरा लावलेला नवा सूक्ष्मदर्शक, माझा धाकटा भाऊ, आला आणि माझी रवानगी या बुटक्या कपाटावर झाली. चालायचंच.

पण गेल्या श्रावणातलं ऐका. आमच्या इथल्या मनाली मॅडम निफाडकडच्या एका वस्तीवर मुलांच्या पोटातल्या जंतांवर नवं औषध तपासत होत्या. चिखल तुडवत घरोघर जायच्या, एकेका आईची समजूत घालायच्या. औषध दिलं, पुन्हा नमुने आले, आणि बघतात तो काय! काचेवर जिकडेतिकडे गोल गोल अंडी.

"मॅडम, औषध फेल," त्यांचा मदतनीस प्रफुल्ल म्हणाला. "अहवाल पाठवून टाकू. उगाच जीव आटवलात."

वस्तीवरून नमुने आणणाऱ्या सुलाबाई तिथेच होत्या. त्या फणकारल्या, "फेल कसं वो? माझी नात घासाला नाय म्हणायची. आता माझ्या हातातली भाकर ओढती!"

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. मॅडम मात्र खुर्ची ओढून बसल्या. एकेक काच पुन्हा पाहिली, माझ्या पट्टीवर एकेक गोल मोजला. चहावर साय धरली, तरी मान वर नाही. मग म्हणाल्या, "प्रफुल्ल, जंताचं अंडं एवढं थोराड नसतं रे. सुलाबाई, आम्ही नमुन्यांसाठी दिलेल्या डब्या कुठे ठेवल्या होत्या?"

"ठेवते कशाला? घासून धुतल्या, अन् मक्याच्या बांधावर उघड्या वाळत घातल्या. दवाखान्याच्या डब्या, चोख नको का?"

आणि मका तर तुऱ्यावर आला होता! अंडी कसली, ते तुऱ्याचे परागकण.

नव्या, बंद डब्यांत पुन्हा नमुने आणले. काच स्वच्छ! औषध जिंकलं. मॅडमनी पहिला पेढा सुलाबाईंनाच दिला आणि हात जोडले, "आता तेवढ्या धुऊ नका हं!"

बघा मित्रांनो, त्या दिवशी नव्या भावाकडे ढुंकूनही न बघता मॅडम याच कपाटाशी आल्या, माझ्यावर वाकल्या, आणि मी त्यांना खरं ते दाखवलं. म्हणून सांगतो, जुन्या वस्तूला धुळीत लोटू नका. मऊ फडक्यानं पुसा, मान द्या. कधी तिचा डोळा...

"ओ आजोबा, थापा!" तुमच्याच वर्गातली ती आरोही माझ्या नळीला डोळा लावून ओरडली. "तुम्हाला वरचं भिंगच नाहीये! या चिठ्ठीवर लिहिलंय, पट्टीचं भिंग दोन वर्षांपूर्वीच त्या नव्यावर बसवलंय!"